नरसम्माने विचारलं

"हे काय?" सरांनी दोरा दोन बोटांत उचलून विचारलं.

"माजं दुखणं हाय ते," नरसम्मा म्हणाली.

मी केस पेपर घेऊन दाराशी उभी होते. सोलापुरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून लागून मला पाच महिने झाले होते. सर म्हणजे दर मंगळवारी येणारे हाडांचे सर्जन. माझं काम म्हणजे, लोकांच्या मते, शेक देणं. दिव्याखाली पडून बरं व्हायचं हे सगळ्यांना पटायचं. स्वतः व्यायाम करायचा म्हटलं की चेहरे पडत.

नरसम्मा शहराच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी. दिवसभर मांडी घालून बसायचं, मांडीवर पानं-तंबाखूचं सूप, मान खाली. मानेचं दुखणं तीन वर्षांचं. आता उजव्या हाताला मुंग्याही येत. दर मंगळवारी सर तिला इंजेक्शन देत. त्या दिवशी तिला इतकं गरगरायचं की काम होत नसे.

मी तिला सूप उंच पाटावर ठेवायला आणि पाठ भिंतीला टेकायला सांगितलं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. दोन कट्टे झाले की हात थांबवायचे, हनुवटी मागे ओढायची, खांदे फिरवायचे. आणि रोज किती दुखलं ते लिहून ठेवायचं.

ती हसली. "लिहाय आलं असतं तर विड्या कशाला वळल्या असत्या, बाई?"

मला हे सुचायला हवं होतं.

पुढच्या वेळी तिने विड्या बांधायचा दोरा आणला. कमी दुखलं त्या दिवशी एक गाठ, जास्त दुखलं तर तीन. सुईच्या दिवशी गाठीत विडीच्या पानाचा तुकडा. पाच आठवड्यांत तीन गाठींचे झुबके विरळ होत गेले. मधल्या एका मंगळवारी सर आलेच नव्हते, म्हणून सुई नव्हती. त्या आठवड्यातही दुखणं वाढलं नव्हतं. हे तिनेच मला बोट ठेवून दाखवलं.

"सुई बंद करा म्हणून डॉक्टरला विचारू का?"

"विचारा की. दुखणं तुमचं आहे," मी म्हणाले. स्वतःचं वाक्य मला आवडलं.

आणि आता तिने विचारलं होतं. सरांनी दोरा टेबलावर टाकला.

"सुई नको म्हणे. कोणी शिकवलं हे?"

"कुणी न्हाय. मलाच दिसतंय की."

"मग बस या खुर्चीवर. मी जातो विड्या वळायला."

सिस्टर हसल्या. बाहेरची रांग आत डोकावू लागली. नरसम्माने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. सरांनी ते पाहिलं.

"मिस, वॉज धिस युवर आयडिया?"

माझं प्रोबेशन संपायला महिना राहिला होता.

"नो, सर."

उत्तर इंग्रजीत होतं, पण 'नो' सगळ्यांनाच कळतं. सरांनी पेपरवर लिहिलं: फिजिओ बंद, इंजेक्शन चालू. नरसम्माने दंड पुढे केला.

नंतर ती मंगळवारी फक्त सरांच्या खोलीत जाई. एकदा जिन्यात गाठून मी हळूच विचारलं, "व्यायाम करता ना घरी?"

"मला काय विचारता, बाई? डॉक्टरला विचारा की."

ती रागावलेली नव्हती. मला माझी पायरी दाखवून ती जिना उतरून गेली.

दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. तिची शेजारीण गुडघ्याच्या शेकाला यायची, तिच्याकडून कळलं की नरसम्माच्या उजव्या हातात पानं कापायची कात्री राहत नाही. आता मुलगी वळते. सुया थांबवून, व्यायाम चालू ठेवून हात वाचला असता का, मला सांगता येणार नाही. कुणी करूनच पाहिलं नाही.

मी नोकरीत कायम झाले. रुग्णांना डॉक्टरांशी बोलायला मी आजही सांगते, पण आधी डॉक्टरांशी स्वतः बोलून येते. त्या मंगळवारी ते काम माझं होतं. मी ते तिला करायला लावलं.