आमच्या चर्चचा कोळसा

चर्चच्या कमिटीत बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. बरेचसे हसत सांगता येतात. हे सांगताना मात्र माझं डोकं आजही तापतं!

वार्षिक सभा होती. पहिला विषय 'सृष्टीची काळजी', म्हणजे आवारात कडुनिंब लावणे. टाळ्या! मग खजिनदार विल्यमकाकांनी अहवाल वाचला. सुवार्ताबाईंनी हात वर केला. या आमच्या जुन्या सभासद, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राला लागून असलेल्या वस्तीत राहतात.

"काका, हे 'इतर गुंतवणूक' म्हंजे काय होय?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "शेअर हायेत. कोळशाच्या कंपनीचे."

"कधीपासून?"

"लय जुने. मस्त चालून राहिले!"

यावेळी टाळ्या नव्हत्या.

*

पुढच्या मिटिंगला मी म्हटलं, विकून टाका. काका भडकले.

"काहून? कोळसा सैतानानं बनवला का? देवानंच ठेवला ना जमिनीत?"

"मग त्यानं ठेवला तिथंच राहू द्या ना!"

पास्टरसाहेबांनी घाईघाईनं समारोपाची प्रार्थना सुरू केली. अजून चहासुद्धा आला नव्हता!

*

सबकमिटी नेमली. अध्यक्ष आमचे डॉक्टर. रामदासपेठेत त्यांचा छातीच्या विकारांचा दवाखाना. बैठक तिथेच, पेशंट संपल्यावर.

डॉक्टर म्हणाले, "तत्त्व म्हणून मान्य. पण मार्केट डाऊन आहे. जरा धीर धरू."

सुवार्ताबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माह्या नातीले दम्याचा पंप तुम्हीच लिहून देल्ला ना? तिले बी सांगू का, जरा धीर धर म्हणून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डोस वाढवावा लागला का?"

संताप आला मला. पण खरं सांगते, त्या दिवसानंतर डॉक्टर आमच्या बाजूनं आले.

*

काकांनी मधला मार्ग काढला. सीताबर्डीच्या एका म्युच्युअल फंड एजंटकडे आम्हाला नेलं. गुळगुळीत माहितीपत्रक, वर मोठं हिरवं पान. "मॅडम, हा प्युअर ग्रीन फंड!"

मी आतली यादी वाचली. तिसऱ्या नंबरवर आमचीच कोळसा कंपनी!

"ही ग्रीन कशी?"

"मॅडम, त्यांनी खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावलीत ना!"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहा, आपण बी तर कडुनिंबच लावून राहिलो!"

*

पास्टरसाहेब मनानं चांगले, पण कुणालाच दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव. एका रविवारी त्यांनी संदेश दिला: देवानं माणसाला बागेत ठेवलं ते तिची राखण करायला. फार सुंदर बोलले. कोळशाचा 'को' नाही!

दारात हात मिळवताना सुवार्ताबाई थांबल्या. "पास्टरसाहेब, देवानं राखण कर म्हटलं होतं. राख कर नव्हतं म्हटलं!"

मागे रांग खोळंबली होती. साहेबांनी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. आठवड्यात मतदानाची तारीख जाहीर झाली.

*

मतदान उपासनेनंतर होतं. त्या दिवशी प्रभुभोजनही होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी. मेजावरचा पांढरा कपडा सुवार्ताबाई धुऊन, अंगणात वाळवून आणतात, वर्षानुवर्षं. वाळला की दहादा झटकतात, मगच घडी घालतात. त्या रविवारी त्यांनी तो न झटकता आणला आणि मेजावर अंथरला.

कपडा करडा दिसत होता. विल्यमकाकांनी नेहमीप्रमाणे भाकरीचं ताट आणि प्याले मांडले. पास्टरसाहेबांनी प्याला उचलला, तर बुडाला राख चिकटलेली आणि खाली तेवढीच गोल, पांढरी जागा. त्यांनी अर्ध्यावर सुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

मग सभा. "शेअर विकावेत, बाजूनं कोण?" बरेच हात वर झाले. काकांचा नव्हता.

"विरोधात?"

काकांनी हात उचलला. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत राखेनं माखली होती. त्यांनी बाहीकडे पाहिलं, हात तसाच अर्धा वर. मग खाली घेतला.

ठराव पास झाला. लोक उठले. काका मेजापाशी गेले आणि कपड्याची घडी घालणाऱ्या सुवार्ताबाईंसमोर हात पसरून म्हणाले,

"आणा बाई इकडे. या खेपेले मी धुतो."