ज्याचं वाक्य त्यानंच

माझं नाव 'प'नं सुरू होतं, एवढंच सांगतो. पुढचं सांगत नाही, कारण अर्धं आयुष्य मला ते धड सांगताच आलं नाही. कुणी नाव विचारलं की ओठ एकमेकांना चिकटायचे, मान वाकडी व्हायची, पाय आपोआप जमीन उकरायला लागायचे. समोरचा बिचारा इकडंतिकडं बघत राहायचा. शाळेत मला 'तोतऱ्या' म्हणायचे. मोठा झाल्यावर लोक सभ्य झाले आणि म्हणायला लागले, पोरगं शांत आहे.

शांत! माझ्या डोक्यात दिवसभर बैलगाड्यांची शर्यत चालू असायची. सगळी उत्तरं तयार, सगळे टोमणे तयार, शिव्यासुद्धा तयार. दार तेवढं उघडायचं नाही. रात्री अंथरुणात मी दिवसभराची भांडणं मनातल्या मनात जिंकायचो आणि सकाळी पुन्हा मुका होऊन कामाला जायचो.

काम नारायणगावला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायच्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. हाताला काम आणि तोंडाला सुट्टी, म्हणूनच तो धंदा धरला. घर कळंबला. संध्याकाळी एसटीत कंडक्टर समोर येऊन उभा राहिला की 'कळंब'चा क घशात रुतून बसायचा. मग मी 'मंचर' म्हणायचो. म कसा सुटा यायचा. तिकीट मंचरचं काढायचं आणि अलीकडेच कळंबला उतरायचं, हा माझा रोजचा उद्योग. एका कंडक्टरनं ते हेरलं. म्हणाला, "पावणं, मंचरला सासरवाडी हाय का? रोज निघताय आन् रोज मधीच कच खाताय!" अख्खी गाडी हसली. मीपण हसलो. दुसरं काय करणार?

उपाय काही कमी झाले नाहीत. आईनं वेखंड उगाळून चाटवलं, मामानं तोंडात खडे धरून बोलायला लावलं. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे माझा दादा. माझ्यापेक्षा बराच मोठा, टेम्पोवाला, मंचरच्या बाजारात तरकारी पोचवायचा. आवाज असा की टेम्पोला हॉर्न कशाला हवा. मी तोंड उघडलं की वाक्य त्याचं. दुकानात, पाहुण्यांत, दवाखान्यात. एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय? मी "पो… पो…" करतोय तोवर दादा सांगून मोकळा, "पाठ दुखतीया त्याची." पोट धरून मी पाठीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. जीव होता त्याचा माझ्यावर. म्हणूनच तर राग गिळावा लागायचा.

फक्त एका ठिकाणी माझी जीभ सरळ चालायची. पौर्णिमेला आमच्या विहारात सगळे मिळून त्रिसरण-पंचशील म्हणायचो, तेव्हा एक अक्षर अडायचं नाही. दहा जणांच्या आवाजात माझा आवाज खुशाल वाहत जायचा. बाहेर आलो की पुन्हा बोंब. चुलता म्हणायचा, "आत तर पोपटासारखा म्हणतो, मग भायेर नाटकं करतो व्हय रं?" मला स्वतःलाच कळत नव्हतं, तर त्याला काय सांगणार, कपाळ!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाची मोटर बसवायला ओतूरला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो, बाकावर बसवेनाच. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "ज… ज… जुन्नरकडे जाणारी गाडी…" मी जागच्या जागी थिजलो. माणूस भोंग्यावर तोतरं बोलत होता! पोरं नक्कल करत होती आणि हा बाबा सावकाश, एकेक गाव घेत, अडकत, निघत, सगळी घोषणा पुरी करत होता. वाटलं, याला कुणीतरी गप्प बसवा रे.

खिडकीशी गेलो. आत माईकपुढं पिकल्या मिशांचे कंट्रोलर चहा पीत बसले होते. विचारायला गेलो आणि ओठ चिकटले ते चिकटलेच. त्यांनी कप खाली ठेवला आणि नुसते बघत राहिले. वाक्य पुरं करून दिलं नाही, नजरही वळवली नाही. शेवटी मी घामाघूम होऊन "तु… तुमी बी?" एवढं बोललो. ते म्हणाले, "आ… आपण लई जण हाओत, भाऊ. रविवारी दुपारी ये." पुण्यात अशा माणसांची एक बैठक भरते, तिथं ते काही वर्षं जात होते. मग ओतूरलाच एका शाळेच्या वर्गात त्यांनी आपली बैठक सुरू केली होती.

मी गेलो खरा, पण दाराजवळची जागा धरून. सहा-सात माणसं गोल बसलेली. नियम साधे. ज्याची पाळी त्यानं बोलायचं, कितीही वेळ लागो. बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, घड्याळ बघायचं नाही, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही. भीमाशंकरच्या डोंगराकडची एक मुलगी होती, मास्तरीण व्हायला शिकत होती. तिला वर्गात पाठ घेऊन दाखवायचा होता. ती "फ… फ… फ…" करत अडकली. मी खुर्चीत वळवळतोय, गुडघा हलतोय. शेवटी राहवलं नाही. म्हणालो, "फ… फळ्यावर!"

कंट्रोलर माझ्याकडं वळले. "तिचं वाक्य तिला परत दे," म्हणाले. मुलगी म्हणाली, "फळ्याचं नाही, फ… फ… फळांचं सांगायचं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तडक उठलो आणि चालता झालो. स्टँडपर्यंत मनात कंट्रोलरना शिव्या घातल्या. गाडीत बसल्यावर दवाखान्यातलं पोट आणि पाठ आठवली आणि मीच माझ्यावर भडकलो. ऐकणं इतकं अवघड असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दादाच्या जागी बसून मी दहा मिनिटंही काढू शकलो नव्हतो.

पुढच्या रविवारी मान खाली घालून परत गेलो. त्या मुलीनं खुर्ची पुढं सरकवली, बस्स. मग जातच राहिलो. कळंब ते ओतूर दर रविवारी, घरी मात्र मोटरीचं काम आहे म्हणून सांगायचो. अडखळणं लपवायचं नाही, उलट मुद्दाम अडखळून बघायचं, असा एक धडा होता. म्हणून त्या चेष्टेखोर कंडक्टरपुढं छाती काढून "क… क… क… कळंब" म्हणालो. तो म्हणाला, "सुटलं का मंचर?" आणि तिकीट फाडून पुढं गेला. एवढंच? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जीव टांगला होता? हसावं का रडावं कळेना.

आणि अशातच माझं लग्न ठरलं. मुलगी घोडेगावच्या बाजूची. बघायला गेलो तेव्हा सगळं दादाच बोलला. माझं शिक्षण, माझी आवड, मला वांगं आवडत नाही हेसुद्धा. मुलीचे वडील खूश. पण मला झोप लागेना. आमच्या लग्नात नवऱ्याला सगळ्या मंडपासमोर, माईकवर, प्रतिज्ञा घ्याव्या लागतात. बायकोचा मान ठेवीन, तिला कमी लेखणार नाही, असं एकेक करून स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं. तिथं सगळ्यांबरोबर म्हणायची सोय नाही. याच भीतीनं मी आधीची दोन स्थळं काहीबाही कारणं काढून मोडली होती. या वेळी पळायचं नव्हतं. मुलगी मला मनापासून आवडली होती.

बैठकीत सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही. कंट्रोलर फक्त म्हणाले, "म… मंडपात ऐकायच्या आधी तिनं तुझ्याकडून ऐकलंय का?" झालं, आठवडाभर डोक्याला भुंगा. शेवटी एसटीडी बूथमध्ये शिरलो. तिच्या शेजारच्या दुकानात फोन होता, तिला बोलावून आणलं. ती हॅलो हॅलो करतेय आणि इकडं मी दाराची कडी काढतोय, घालतोय. कसंबसं म्हणालो, "मी… मी अ… अ… अडखळतो बोलताना."

ती म्हणाली, "मला वाटलं, मुकेच आहात."

"मग हो… होकार का दिलात?"

"आमचे दादा दिवसभर बोलून डोकं उठवतात. म्हटलं, एक तरी गप माणूस मिळतोय." आणि खुदकन हसली. वडिलांना ती दादा म्हणायची. मी बूथमध्ये एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो.

लग्नाच्या सकाळी दादा कानात कुजबुजला, "काळजी करू नगं. बौद्धाचार्यांशी बोललोय मी. प्रतिज्ञा ते वाचणार, तू नुसती मान हलीव." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो नवा सदरा घालून, पहाटेपासून पळून पळून थकलेला, माझ्या चेहऱ्याकडं इतक्या आशेनं बघत होता की मी नुसती मान हलवली.

मंडपात वंदना झाली, सगळ्यांबरोबर मीही घडाघडा म्हणालो. मग लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी पहिली प्रतिज्ञा वाचली आणि माझ्या मानेकडं बघितलं. मी हात पुढं केला आणि माईक मागितला. ते गोंधळले, पण दिला. "मी माझ्या…" इथवर बरं गेलं. पुढं 'पत्नी'. माझ्या नावाचाच प! ओठ मिटले. भोंग्यातून नुसता "प… प… प…" मंडपभर घुमायला लागला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, पोरं खिदळली. तेवढ्यात दादा बाजूनं वाकला आणि माईकमध्ये म्हणाला, "पत्नीचा!"

मी माईक छातीशी धरला. त्याच्याकडं वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दा… दा… दादा, ल… लगीन माझंय!"

मंडप फुटला हसून. नवरीनं पदर तोंडाला लावला. दादाचं तोंड मात्र एवढंसं झालं. तो दोन पावलं मागं सरला आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. सगळ्या प्रतिज्ञा अडकत, थांबत, पुन्हा धरत म्हणालो. शेवटी शेवटी पोरंही गप्प झाली होती. मागच्या रांगेत ओतूरच्या बैठकीतली माणसं बसली होती, त्यांच्यातलं कुणीही माझ्यासाठी ओठसुद्धा हलवला नाही.

पंगती उठल्यावर दादा टेम्पोच्या मागच्या उघड्या फाळक्यावर एकटाच बसलेला दिसला. मी शेजारी जाऊन बसलो. तो पायानं माती सारत होता. मग म्हणाला, "इतकी वर्सं मी मधी मधी बोलत व्हतो. तुला राग यायचा?"

"या… यायचा. लई."

"मग सांगायचं व्हतंस की रं," तो म्हणाला.

आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यानं उपरणं डोळ्यांना लावलं.