बायच्या दोऱ्याच्या गाठी

बाय गेल्याचं तुम्हां दोघांना फोनवर सांगितलं, तेव्हा मुक्ताने हळूच विचारलं, "आजी, तिच्या काढ्याचं माप तू लिहून ठेवलंयस ना?" ठेवलं आहे. पण आधी तिच्याविषयी लिहिते. त्याशिवाय ते माप उपयोगाचं नाही.

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शहापूरजवळच्या या गावात सून म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. बायला वाचता येत नव्हतं. ती डबा उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "मास्तरीणबाय, तुझी चिठी बरोबर हाय हां." सर्दी-खोकल्याला तिचं ठरलेलं असे: गवती चहा, आलं, तुळस, गुळाचा काढा आणि छातीला तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी. मी वही घेऊन शेजारी बसायचे. मी पाच पानं लिहिली की ती सात टाकायची. विचारलं तर म्हणायची, आज पानं बारीक आहेत. नेम होता तो फक्त पुरचुंडीच्या दोऱ्याचा. खोकल्याच्या प्रत्येक दिवसाला त्यावर एक गाठ मारायची आणि खोकला गेला की सगळ्या गाठी सोडायच्या.

तुमचा बाबा चार वर्षांचा असताना तिसरी गाठ पडली तरी खोकला हटेना. काढा पाच दिवस द्यावा असं मी कुठूनसं उतरवून घेतलं होतं, म्हणून म्हटलं, आणखी दोन दिवस पाहू. बायने त्याचा सदरा वर केला, श्वासागणिक फासळ्यांखाली पडणारा खळगा मला दाखवला आणि त्याला कडेवर उचललं.

"तीन गाठी माझ्या गो. चवथी डाक्टरची. चल."

आज आणलंत ते बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीत तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही; फक्त माझी वही उचलून पिशवीत भाजीच्या खाली घातली.

या पौषात ती स्वतः खोकू लागली. विचारलं की म्हणे, "आज पयलाच दिस." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर मधे बरं वाटलं होतं, आज परत पहिलाच. म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती आणि डॉक्टर जाऊ देणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी दर वेळी तिचा शब्द वहीत लिहिला. एकाच पानावर 'पहिला दिवस' चार वेळा... आणि आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेल्या मला त्यात काही खटकलं नाही. ती जत्रेला गेली, तुम्हां दोघांसाठी घोंगड्या घेऊन आली आणि तापाने पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्यानंतर तिच्या उशाखाली ओव्याची पुरचुंडी सापडली. दोऱ्यावर अकरा गाठी होत्या. म्हणजे तिने दिवस मोजले होते, एकही न चुकवता.

माप फोटो काढून पाठवते. पानं बारीक असली तर जास्त घाला. पण काढा उकळायला ठेवण्याआधी एक दोरा घ्या. तीन दिवसांपूर्वी मलाही खोकला झाला. तिचाच दोरा वापरावा म्हटलं, पण त्या गाठी माझ्याने सोडवेनात... तो तसाच चुलीमागच्या खिळ्याला टांगला आणि नवा घेतला. काल त्यावर तिसरी गाठ पडली. आज सकाळी, कुणी न सांगता, डॉक्टरांकडे जाऊन आले.