पहिलं 'नको'

चुलत वहिनी ट्रेनिंगसाठी दहा दिवस सिडनीला येणार आणि स्कोफिल्ड्सला माझ्याकडेच उतरणार, असा फोन आला तेव्हा मला फार आनंद झाला. तो आनंद काही चांगला नव्हता.

शिकायला ऑस्ट्रेलियात आले तेव्हा मी ग्लेन वेव्हर्लीला तिच्या घरी आठ महिने राहिले. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारभर दुकानात उभ्याने काम आणि संध्याकाळी सहाला ताट. ताटात दोन पोळ्या आणि डावभर भाजी. दुसरी पोळी संपत आली की ती विचारायची, "अजून एक देऊ?" मी म्हणायचे, "नको, पोट भरलं." आमच्या घरात पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. आपण नको म्हणायचं, वाढणाऱ्याने आग्रह करायचा, आपण ताटावर हात आडवा धरायचा आणि तरी पोळी ताटात पडायची. वहिनी त्याच घरात सून म्हणून आलेली, माझ्या आईच्या आग्रहाने जेवलेली. पण माझ्या पहिल्याच नकोला ती पोळ्यांच्या डब्याला झाकण लावायची. मी दोन तांबे पाणी पिऊन अभ्यासाला बसायचे. तोंड उघडून मागायची लाज वाटायची, आणि आपण लाजतो याचा संताप यायचा.

आता मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात भुकेवरच संशोधन करते. माणसांना जेवू घालायचं आणि दर थोड्या वेळाने कागदावरच्या रेषेवर खूण करायला लावायची: किती भूक आहे, किती पोट भरलं. भूक कशाने खवळते आणि कशाने शमते हे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ते सगळं ज्ञान मी वहिनीवर वापरलं.

ती स्टेशनवरून यायच्या सुमाराला मी लसणाची फोडणी द्यायचे, कारण नुसत्या वासानेही भूक चाळवते. उसळ, कोशिंबीर, जे चावावं लागतं आणि पोटाला धरून राहतं, ते काही करायचे नाही. पातळ वरण, मऊ शिजलेला दुधी आणि दोन पोळ्या. मग एकदाच विचारायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "नको गं, पुरे," आणि तिने ताटावर हात आडवा धरला. मी डबा बंद केला. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी चहाबरोबर तिने पाच बिस्किटं खाल्ली. मी मोजली.

तिसऱ्या दिवशी मी विचारलंसुद्धा नाही. तिने दुसरी पोळी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाली, "मला अजून भूक आहे. दोन पोळ्या दे."

इतकं सरळ. आठ महिन्यांत मला हे एक वाक्य जमलं नव्हतं. मी तव्याखालचा गॅस लावला आणि तिच्याकडे पाठ करून विचारलं, "वहिनी, तेव्हा माझं पोट भरायचं नाही, हे तुला कळत नव्हतं?"

तिने 'तुझं पोट भरलं असं मला खरंच वाटायचं' असं म्हणायला हवं होतं. त्या खोटेपणाला द्यायचं उत्तर माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होतं.

"कळायचं की," ती म्हणाली. "पण शिफ्टवरून येऊन कणिक मळायची, सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या. जीव नको व्हायचा. तू नको म्हणालीस की सुटल्यासारखं वाटायचं. सकाळच्या डब्याला दोन उरायच्या."

तिच्या आवाजात ना लाज होती ना कांगावा. खऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलंच नव्हतं. मी दोन पोळ्या लाटल्या, भाजल्या आणि गरम गरम तिच्या ताटात वाढल्या. तूप ओट्यावरच होतं. तिने मागितलं नाही आणि मी घातलं नाही.