बर्फातली नळी

लाखांदूरच्या एसटी स्टँडवर आई मला निरोप द्यायला आली होती, पण तिच्या हातात हात होता वनिताचा. वनिता माझ्या धाकट्या भावाची बायको, लग्नाला महिनाही झाला नव्हता. बस हलली तेव्हा आई खिडकीपाशी येऊन म्हणाली, "जाय तू बिनघोर. घरी वनिता हाये." तिला मला धीर द्यायचा होता. मला मात्र माझी जागा भरली एवढंच ऐकू आलं, आणि ते जर्मनीपर्यंत डाचत राहिलं.

इथे लॅबमध्ये मी रेनिनवर काम करते. रक्तदाब वाढवणारी साखळी या एन्झाइमपासून सुरू होते. मूत्रपिंड आधी त्याचं झोपलेलं रूप बनवतं, प्रोरेनिन. त्या रेणूचाच एक तुकडा त्याच्या कामाच्या खाचेवर झाकणासारखा बसलेला असतो. मूत्रपिंडातल्या पेशींनी तो कापला की रेनिन कायमचं जागं होतं. पण नुसतं गार ठेवलं तरी झाकण न कापता हळूहळू उघडतं, आणि ऊब मिळाली की पुन्हा बसतं. रक्तात प्रोरेनिन भरपूर असतं, गारठ्यात उघडलं की तेही रेनिन म्हणून मोजलं जातं आणि आकडा खोटाच फुगतो, म्हणून नव्या विद्यार्थ्यांना आम्ही आधी हेच बजावतो, की रेनिनचा नमुना बर्फात ठेवायचा नाही.

घरी व्हिडिओ कॉल लावला की पडद्यावर आई आणि तिच्या मागे वनिता. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वनिता देते, दाब वनिता मोजते. "ताई, आईले हे चालत नाही," असं ती मला सांगते, माझ्याच आईबद्दल. तुमच्यापैकी जे निघून आले त्यांना हे कळेल. जे राहिलात ते मला कोत्या मनाची म्हणाल. म्हणा.

गेल्या हिवाळ्यात आईचा दाब गोळ्यांनी उतरेना. नागपूरच्या डॉक्टरांनी रेनिन तपासायला सांगितलं. रक्त संध्याकाळी लाखांदुरातच काढलं. वनितानं रक्ताची नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली आणि सकाळी, तळ्यावरची मासळी नेतात तसल्या डब्यात बर्फ भरून, नागपूरला पोचवली. आकडा भलताच वर आला. मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, मांडीतून नळी घालून बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आई इतकी घाबरली की जेवेना.

फोनवर बर्फाचं ऐकलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आईबद्दलची एक तरी गोष्ट मला ठाऊक होती, जी वनिताला नव्हती. मी तिला जरा जास्तच सविस्तर समजावलं. पुन्हा रक्त काढा, बर्फ नको, फ्रीज नको, त्याच दिवशी पोचवा. ती फक्त 'हो ताई' म्हणाली. उलट एक शब्द बोलली नाही, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या खेपेला आकडा साधा निघाला. मांडीतून नळी घालायचं टळलं, डॉक्टरांनी गोळी बदलली, दाब उतरू लागला. मी आईच्या फोनची वाट बघत बसले. पोरी, तुझ्यामुळे वाचले, असं काहीतरी ऐकायला कान आसुसले होते. फोन आला, आणि आईच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"वनितानं नळी मुठीत धरून नेली नागपूरले. रस्ताभर मूठ खोलली नाही माह्या पोरीनं."

मी 'बरं झालं' म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून घर म्हटलं की मला गाव दिसत नाही, अंगण दिसत नाही, एसटीत बसलेल्या वनिताची मूठ दिसते. त्या मुठीत माझ्या आईचं रक्त उबेत होतं. ती मूठ माझी असायला हवी होती.