अनुराधाबाई आणि वाकड्या माडाची खूण

शाळेच्या वार्षिक अंकात मी लिहिले होते की, आमच्या सातवीच्या लिंकसंग्रहातली पहिली लिंक अनुराधाबाईंनी टाकली. ते चूक आहे. ती रुचिता या विद्यार्थिनीने टाकली होती. अंक हाती पडताच बाईंचा फोन आला, "अगं, पोरीचं श्रेय माझ्या पदरात कशाला?" त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात म्हणून आधी ही दुरुस्ती. बाईंना याहून आवडेल असा हार मला सुचला नाही.

माझे पहिले शिक्षण घरीच, आई आणि काकांकडे झाले. लिहिलेले आधी त्या दोघांनी तपासायचे, मगच बाहेरच्यांना दाखवायचे. दिवेआगरच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले ती चूक बाहेरच्यांना दिसेल ही धास्ती घेऊन. पहिल्याच दिवशी बाईंनी मला आपल्या विज्ञानाच्या तासाला बसवले. मुले शोधलेल्या लिंक इंटरनेटवरच्या एका सामायिक पानावर साठवत होती. प्रत्येक लिंकखाली स्वतःचे नाव, काय कळले त्याची एक ओळ आणि पुन्हा सापडावी म्हणून एक खूण. साऱ्या वर्गाने खूण एकच दिली होती: 'महत्त्वाचं'. त्यामुळे काहीही शोधले तरी सगळेच पुढ्यात येई!

बाई रागावल्या नाहीत. "काय रे, आई वाडीत पाठवते तेव्हा 'माडाखालचा नारळ आण' एवढंच सांगते?"

"न्हाय बाई! वाकड्या माडाखालचा, नायतर विहिरीवरच्या."

"मग माडाला नाव आणि लिंक बिननावाची?"

तास संपेपर्यंत 'सुपारी गळते', 'विहिरीला खारं पाणी', 'वादळानंतरची लागवड' अशा खुणा उमटल्या. पुढे मुलांचे आईवडीलही त्याच खुणांनी ते पान धुंडाळू लागले.

घरी फोन नसलेल्या मुलांसाठी मधल्या सुट्टीत बाई स्वतःचा फोन टेबलावर ठेवून देत. एकदा रुचिता ओरडली, "बाई, तुमच्या घरून काकांचा फोन! वांगी आणू का विचारतायत."

"सांग त्यांना, कालचीच संपायचीत!" साऱ्या वर्गाला बाईंच्या घरचा स्वयंपाक ठाऊक असे, आणि बाईंना त्याचे काहीच वाटत नसे.

निवृत्तीनंतरही बाई दर शनिवारी येऊन तो संग्रह सांभाळत आल्या. आता त्या लेकीकडे पालीला राहायला जात आहेत. कोणी हाती घेतला नाही, तर संग्रह बंद पडेल. त्यांनी मला विचारले, तेव्हा मी टाळाटाळ केली. "बाई, माझी चूक झाली तर साऱ्या गावाला दिसेल."

"दिसू दे की. दिसली तरच कोणी सुधारील ना? तुझी वार्षिकातली मला दिसलीच!" आणि त्या मनापासून हसल्या.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, आणि पालीहूनही त्यांनी आमच्या चुका अशाच हसत दाखवाव्यात. माझे उत्तर त्यांना अजून कळवलेले नाही, ते इथेच देते. शाळा उघडेल त्या सोमवारी, पंधरा जूनला, पहिल्याच तासाला मी सातवीच्या फळ्यावर त्या पानाचा पत्ता लिहीन. हे लिखाण मात्र घरी आईला आणि माझ्या काकांना न दाखवताच पाठवते आहे.