रिकिबीतली गाठ

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, देवापुढेसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटलो असेन तेवढंच. गेल्या महिन्यात सखारामजी चाबुकस्वार अकोल्यात वारले. आता खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. अकोल्याच्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल, 'सखाराम ना? शिकाऊ माणसाचा पाय रिकिबीला बांधला होता त्यानं.' घोडं आणि स्वार दोन्ही शिकवणाऱ्या चाबुकस्वाराला याहून मोठा कलंक नाही. आणि हे साफ खोटं आहे.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडातला कापूस हवा होता, तेव्हाची ही हकिकत. मोर्शीकडे आमचा पानमळा होता. मला लिहितावाचता येई, म्हणून अमरावतीच्या एका कापूसवाल्या शेठजींकडे नोकरी लागली. काम गावोगाव जाऊन उभं पीक बघायचं, म्हणजे घोड्यावर बसणं आलं. बैलगाडीपलीकडे मी कशावर बसलो नव्हतो. शेठजींनी मला आपल्या पदरी असलेल्या सखारामजींच्या हवाली केलं. पन्नाशीला न पोचलेले, सडपातळ, आवाज कधी न चढवणारे. घोडी होती मैना नावाची. तिच्या पाठीवर पहिल्यांदा चढलो तेव्हा खालची जमीन विहिरीच्या तळासारखी खोल दिसली.

माझे पाय कापत. नुसते थरथरत नसत, रिकीब खणखण वाजे एवढे कापत. घोडी चालली की मी गुडघे आवळी, आवळले की वर उचलला जाई, आणि रिकीब पायातून निसटे. शेठजींच्या आवारातले गाडीवान हसत. सखारामजी हसत नसत. ते म्हणत, "काहून आवळून राहिला तिले? तू आवळला का तिले समजते, वर भेकड बसला हाये. मंग थे बी भेते." त्यांनी महिनाभर रिकिबीच काढून ठेवल्या. पाय लांब सोडायचा, वजन टाचेतून खाली जाऊ द्यायचं, नजर घोडीच्या कानांच्या मधून पुढे ठेवायची. माझी नजर सारखी खुरांकडे जाई. "खाली नको पाहू, बाप्पा. जमीन कुठी पळून नाई चालली."

एक दिवस त्यांनी माझ्या दोन्ही मांड्यांखाली विड्याचं एकेक पान ठेवलं आणि मला आवाराभोवती फिरवलं. "पान पडलं तं मांड ढिली," ते म्हणाले. "पान चुरगळलं तं मांड भेकड. तुमच्याच मळ्यातलं हाये, त्याले तरी जप." उतरलो तेव्हा दोन्ही पानांचा लगदा झाला होता. रोज पान नवं, रोज लगदा. मी विचारलं, "सखारामजी, आणि पडलो तर?" ते म्हणाले, "पडशीन. कोन नाई पडलं? फक्त पाय मोकळा ठेव. पडला तं खरचटते. लटकला तं खलास."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट, दोन कानांनी ऐकलं होतं.

मग शेठजींचा निरोप आला, अकोल्याला निघा, सखारामला सोबत घ्या. तोवर रिकिबी परत लावल्या होत्या, पण पाय काही थांबत नव्हते. बसता आलं नाही तर मळ्यात परत, असं शेठजी बजावून गेले होते. निघायच्या सकाळी सखारामजी आपल्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा, तंग, आवळत होते तेवढ्यात मी मैनेवर बसल्या बसल्या उपरण्याच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही पाय रिकिबींना बांधून टाकले. वर धोतर ओढून घेतलं. गाठ मारली ती हाताला येत होती तीच, पानवेल आधाराला बांधायची आमची दुहेरी गाठ. ती ओढ बसली तरी सुटत नाही.

पहिले काही कोस सखारामजी वळून वळून बघत होते. "वा रे गड्या! आज पाय हालून नाई राहिला." इतकं खूश झालेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. एका गाडीवरचं गाठोडं मैनेच्या पुढ्यातच धपकन पडलं. ती उधळली. मी एका बाजूला घसरलो, उजवी पट्टी फाटली, डावी फाटली नाही. डोकं खाली, पाय वर, आणि कानाशी खुरं. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग सखारामजी दिसले, घोड्यावरून उडी टाकून तिच्या लगामाला लटकलेले, दुसऱ्या हातात सुरी. पट्टी कापली गेली, मी मातीत पडलो, आणि त्याच क्षणी मैनेची लाथ त्यांच्या गुडघ्यावर बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं. दुसऱ्या दिवशी शेठजी आले; गाडीवानांनी त्यांना बांधलेल्या पायाचं सांगितलंच होतं. त्यांच्या तिथल्या आवारात सगळे जमले होते, सखारामजी बाजेवर. शेठजींनी मला विचारलं, "पाय कोणी बांधला?" मी म्हणालो, "यांनी." एवढंच. सखारामजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घोडं बिथरलं की त्याला बुजवू नये म्हणून माणूस हालचाल न करता उभा राहतो ना, तसं पाहिलं, आणि माझं म्हणणं खोडलं नाही.

त्यानंतर त्यांच्या हाती कुणी घोडं दिलं नाही. अकोल्यातच राहून लंगडत लंगडत ते लोकांची खोगिरं शिवत. आणि मी त्याच गावात नावारूपाला आलो. त्यांच्या गल्लीत काठीचा ठक ठक आवाज आला की मी बोळ बदली. ते आज बोलतील, उद्या बोलतील, या भीतीत माझी अर्धी हयात गेली. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, धीर करून त्यांच्या घरी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. शेजारी बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोळक्या तोंडानं हसले, "अजून आवळूनच राहिला का, बाप्पा?" मी पाणीसुद्धा न घेता उठलो.

परवा त्यांची लेक राधाबाई माझ्याकडे येऊन गेली. हातात जुनी, पिवळी पडलेली कापडाची पट्टी, एका बाजूनं सुरीनं कापलेली. मधली गाठ तशीच. "बाबा हे पेटीत जपून ठेवत," ती म्हणाली, "कोनाले सोडू देत नव्हते. गेल्यावर तुमाले द्या म्हणाले. काका, हे काहाची गाठ हाये?"

पानमळ्यातल्या कुणालाही ती दाखवली असती तर त्यानं सांगितलं असतं की ही चाबुकस्वाराच्या हातची नव्हे. चाळीस वर्षं पुरावा त्यांच्या पेटीत होता... आणि मी, या वयात, त्यांच्या लेकीच्या तोंडावर म्हणालो, "कुणास ठाऊक, बाई."

ती गेली. पट्टी आता माझ्यासमोर चौरंगावर आहे. लिहितानाही माझे गुडघे आवळलेलेच आहेत. राधाबाई, हा मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या. तुमच्या वडिलांसमोर बसून जे मला म्हणता आलं नाही, ते वाक्य एवढंच होतं: सखारामजी, पाय मीच बांधला होता, मला माफ करा.